खुंटी नसलेले वाद्य

आश्विन संपत आला, की रत्नागिरीत पावसाचा खरा निरोप होतो. चार महिने भिजून काळे पडलेले जांभ्याचे गडगे वाळू लागतात, अंगणातले शेवाळ खरवडून निघते, घराघरांतून चकलीच्या भाजणीचा वास सुटतो, आणि आमच्या शाळेत माझा एक जुना उद्योग सुरू होतो. मी चित्रकलेचा मास्तर. सुट्टी लागण्याआधी मुलांकडून आकाशकंदील करून घेणे हा माझा बावीस वर्षांचा शिरस्ता आहे. बांबूच्या कामट्या, खळ, पतंगाचा कागद आणि झिरमिळ्या. आत दिवा पांढराच. पण लाल कागदातून तो लाल होतो, हिरव्यातून हिरवा. उजेडाला रंग द्यायचा म्हणजे त्याच्या आड कागद लावायचा, एवढेच माझे या बाबतीतले शास्त्र होते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे हल्लीची दहावी, आणि वर चित्रकलेचे एक प्रमाणपत्र. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. तिथेही शास्त्राची गरज पडत नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या या शास्त्राला धक्का बसला, आणि त्या धक्क्यातून एक प्रश्न माझ्यामागे लागला. तो अजून सुटलेला नाही. म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

नरकचतुर्दशीची सकाळ होती. कारीट फोडून झाले होते, पोह्यांचा फराळ आटोपला होता, आणि मी ओसरीवर सुपारी कातरीत बसलो होतो. एवढ्यात एक जुना विद्यार्थी भेटायला आला. हा मुलगा आठवीत माझ्या वर्गात होता. वर्गात होता म्हणजे शरीराने होता. त्याचे चित्त कधी छपरावर, कधी बाहेरच्या फणसावर, कधी शेजारच्याच्या दप्तरात. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी 'चित्त थाऱ्यावर नाही' असा शेरा लिहिल्याचे मला चांगले आठवते. तो आता दूर एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. नमस्कार करून त्याने खिशातून काडेपेटी काढली. तिच्यात कापसावर नखाएवढी गुलाबी चकती होती.

"सर, हा लेसर आहे," तो म्हणाला.

मला ती जत्रेतल्या बांगडीचा तुकडा वाटली. मी तसे म्हटलेही. तो हसला. भाषणात फळ्यावर ठिपका दाखवायला वापरतात तसली हिरव्या उजेडाची एक बारकी नळी त्याने काढली आणि तिचा झोत चकतीवर टाकला. हिरवा उजेड आत गेला आणि चकती निखाऱ्यासारखी नारिंगी पेटली. मी पाहतच राहिलो. आड कागद नाही, काही नाही. उजेड आत जाताना एका रंगाचा आणि बाहेर पडताना दुसऱ्याच रंगाचा.

"ही नुसती चमक झाली," तो म्हणाला. "लेसर व्हायला याच्या कितीतरी पट जोरदार झोत लागतो. पण वस्तू हीच."

मग दुपारपर्यंत तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. बावीस वर्षांपूर्वी उलट होते. त्याने सांगितले ते मला समजले तसे सांगतो.

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत मेमन नावाच्या शास्त्रज्ञाने केला. माणकाची एक कांडी आणि तिची दोन्ही टोके आरशासारखी चकचकीत. कांडीला बाहेरून जोरदार उजेड दिला, की आत माणकाचा स्वतःचा लाल उजेड जन्मतो. तो दोन आरशांत पुढेमागे धावतो आणि दर फेरीला बळावतो. जी लाट त्या दोन आरशांच्या अंतरात नेमकी बसते तीच टिकते. एका टोकाचा आरसा थोडा कच्चा ठेवलेला असतो. त्यातून तो बळावलेला उजेड सरळ रेषेत बाहेर पडतो. उजेडाच्या लाटेची लांबी मोजायला मिलिमीटरचे दहा लाख भाग करतात आणि त्यातल्या एकाला नॅनोमीटर म्हणतात. माणकाच्या लेसरची लाट ६९४ नॅनोमीटरची. तिच्यात इकडेतिकडे फारसे नाही.

१९६६ साली रंगद्रव्याचे लेसर निघाले. रंगद्रव्य माणकासारखे एकाच रंगाला चिकटून नसते. त्याला रंगांचा एक रुंद पट्टा देता येतो. त्यातला हवा तो रंग कसा उचलावा? १९६७ साली सोफर आणि मॅकफार्लंड या दोघांनी एका टोकाचा आरसा काढून तिथे बारीक रेघांची जाळी बसवली. जाळी जराशी फिरवली, की रंग बदलतो. तंबोऱ्याची खुंटी पिळावी आणि स्वर चढावा, तसेच हे. विशेष म्हणजे रोडामिन नावाचे रंगद्रव्य त्यांनी प्लास्टिकमध्ये मिसळूनही पाहिले होते. माझ्यापुढच्या चकतीची पणजीच म्हणा ना.

या सगळ्या खटाटोपात एका गोष्टीला मज्जाव होता: धुळीला. आत कण असला, की उजेड त्याच्यावर आपटून भलतीकडे जातो. लेसर करणाऱ्याचे अर्धे आयुष्य स्वच्छतेत जाते. पण १९६८ साली लेटोखोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कागदावर उलटा हिशेब मांडला होता. आत कण इतके दाट भरले, की उजेडाला बाहेरची वाटच सापडू नये, तर? मग तो आतल्या आत भटकत राहील, आणि भटकताना बळावत जाईल. आरसे लागणारच नाहीत. १९९४ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात लवांडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोडामिनच्या द्रावणात एक पांढरी भुकटी कालवून हे प्रत्यक्ष दाखवले.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते. ती सरळ सहाणेवर जाऊन बसत नाही. या अंगणातून त्या अंगणात, या वाडीतून त्या वाडीत, कधी पुढे तर कधी मागे. आणि दर अंगणात तिच्यामागची माणसे वाढतात, ढोलाचा आवाज वाढतो. सरळ गेली असती तर एवढा गजर झाला नसता. या लेसरातला उजेड त्या पालखीसारखा हिंडतो. शास्त्रज्ञ त्याला यादृच्छिक लेसर म्हणतात. मी मनात त्याला भटक्या लेसर म्हणतो.

"ती पांढरी भुकटी कसली?" मी विचारले.

"तुमच्या रंगाच्या ट्यूबमधली. टायटॅनियमचा पांढरा."

मला गंमत वाटली. टायटॅनियमचे खनिज आमच्याच किनाऱ्यावर आहे. काळबादेवी, नेवरे, केशवसुतांचे मालगुंड, या पुळणींवर लाटांनी मागे ठेवलेले काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्या काळ्यात इल्मेनाइट असते आणि त्यातून हा पांढरा काढता येतो. लहानपणी आम्ही दोऱ्याला लोहचुंबक बांधून ती वाळू उचलायचो. त्या काळ्या वाळूतून उजेडाला घरात कोंडणारी पांढरी भुकटी निघते, हे आम्हांला कोण सांगणार?

आणि रोडामिन? ते जत्रेतल्या गुलाबी कापूसमिठाईत चोरून घालतात तेच. तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यासाठी ती मिठाईच बंद केली. पोटात विष आणि प्लास्टिकमध्ये दिवा. वस्तू चांगली की वाईट, हे ती कुठे पडते त्यावर ठरते, असे म्हणायचा मोह होतो. पण तेवढ्यावर थांबू नये.

माझा खरा प्रश्न पुढे आला. तंबोऱ्याला खुंटी असते. रंगद्रव्याच्या लेसरला फिरणारी जाळी असते. या भटक्या लेसरला तर दोन टोकेच नाहीत. मग त्याचा स्वर कसा लावायचा?

"तेच तर आमचं काम आहे, सर," तो म्हणाला आणि बोटे मोजू लागला.

पहिला उपाय रंगद्रव्य कमीजास्त करण्याचा. रंगद्रव्य उजेड देते तसे थोडा खातेही, आणि खाते ते बहुधा आपल्या पट्ट्याच्या आखूड लाटांचे टोक. रंगद्रव्य दाट असले किंवा आतला प्रवास लांबला, की पिवळ्याकडचा भाग खाल्ला जातो आणि शिल्लक राहते ते तांबड्याकडे झुकते. दुसरा उपाय दोन रंगद्रव्ये एकत्र घालण्याचा. एक उजेड घेते आणि आपली ऊर्जा दुसऱ्याच्या ओटीत टाकते. तिसरा, रबरासारखे ताणणारे प्लास्टिक घेण्याचा. ते ताणले, की आतल्या कणांची अंतरे बदलतात आणि रंग सरकतो. सरकतो म्हणजे काही नॅनोमीटर, कधी काही दहा नॅनोमीटर. चौथा उपाय मला सर्वांत नवलाचा वाटला. वस्तूला हातच लावायचा नाही. तिच्यावर टाकायच्या झोताचा आकार बदलायचा: इथे थोडा जास्त, तिथे थोडा कमी. मग बाहेर काय येते ते पाहायचे, पुन्हा थोडा बदल करायचा, पुन्हा पाहायचे. २०१४ साली युरोपातल्या एका गटाने अशा रीतीने या लेसरातून हवा तो एकच रंग उचलून दाखवला.

"म्हणजे शेवटी खुंटी सापडलीच," मी म्हटले.

"सापडली आणि नाही सापडली," तो म्हणाला. आणि मग त्याने मला सुशील मुजुमदारांचे काम सांगितले. इटलीत फ्लॉरेन्सला असताना मुजुमदारांनी तिथल्या सहकाऱ्यांसह २००४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. या लेसराच्या उजेडात एक रुंद उंचवटा असतो आणि त्यावर कधी कधी सुईसारखी टोकदार शिखरे उगवतात. ही शिखरे कुठून येतात? त्यांनी दाखवले, की फार थोडे प्रकाशकण योगायोगाने इतरांपेक्षा कितीतरी लांब भटकतात आणि वाटेत अफाट बळावतात, शिखरे त्यांची. नमुना तोच, झोत तोच, तरी एका ठिणगीला शिखर इथे, तर पुढच्या ठिणगीला तिथे. पुढे मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुजुमदारांच्या गटाने २०१२ साली रंगद्रव्याच्या द्रावणाचे बारीक थेंब हवेत सोडून त्यांचाही असा लेसर केला. आमच्या आंब्यांवर मोहराच्या वेळी फवारणी होते, तिच्या तुषारांची मला आठवण झाली. त्या तुषारातही उजेड भटकून बळावतो म्हणे.

थोडक्यात, करणाऱ्याच्या हातात बरेच असते. उंचवटा पिवळ्याकडे असावा की तांबड्याकडे, हे तो ठरवू शकतो. चिकाटी असेल तर काही नमुन्यांत एखादे शिखरही निवडू शकतो. पण पुष्कळ नमुन्यांत शिखर कुठे उगवेल, हे ज्याचे त्याचे नशीब.

निघताना तो सहज म्हणाला, "सर, तुम्ही मला आठवीत मागच्या बाकावर, खिडकीशी बसवलं होतंत. आठवतं?"

मला आठवत होते. ती शिक्षा होती. त्याच्यापुढे मी हात टेकले होते. त्याच्यामुळे इतर बिघडू नयेत म्हणून त्याला कोपऱ्यात टाकला होता.

"तिथे अकरा वाजता कौलातून कवडसा यायचा. तुम्ही फळा पुसलात, की खडूची धूळ उडायची आणि कवडसा एकदम दिसायला लागायचा. धूळ खाली बसली, की गुप्त. धूळ नसेल तर उजेड दिसत का नाही, याचा मी वर्षभर विचार करीत होतो. तिथून सगळं सुरू झालं."

तो कृतज्ञतेने बोलत होता. मी मात्र खाली पाहिले.

कारण त्याच वर्गात आणखी एक मुलगा होता. त्याच्यावर मी फार मेहनत घेतली होती. हा मुलगा दात घासायचा जुना ब्रश रंगात बुडवून त्याचे शिंतोडे कागदावर उडवायचा आणि त्या शिंतोड्यांतून मिरकरवाड्याचे बंदर उभे करायचा. होड्या, डोलकाठ्या, माशांच्या पाट्या, सगळे त्या ठिपक्यांत असायचे. मला ते आवडायचे. खोटे का बोलू? पण पुढे सरकारी चित्रकला परीक्षा होती. तिथे संकल्पचित्रात रेघ रेघेला मिळावी लागते, डावी बाजू उजवीशी जुळावी लागते. मी त्याच्या हातातला ब्रश काढला आणि पट्टी दिली. रोज शाळा सुटल्यावर तासभर बसवला. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला परीक्षा, असे दोन आरसे लावले, आणि त्यांच्यात जी लाट बसेल तेवढीच शिल्लक ठेवली. त्याला ए ग्रेड मिळाली. शाळेच्या फलकावर नाव लागले. त्यानंतर त्याने चित्र काढले नाही.

तो आता टेम्पो चालवतो. मोसमात आंब्याच्या पेट्या, एरवी चिरे. धंदा चोख आहे, संसार सुखाचा आहे. बाजारात भेटला, की टेम्पो थांबवून हाक मारतो. "सर, ती ए ग्रेड तुमचीच हो," असे अजून म्हणतो. त्याने मला दोष दिला असता तर मी सबबी सांगितल्या असत्या. तो आभार मानतो, तिथे मी काय बोलू?

हा माझा प्रश्न. ज्याला मी टाकून दिले त्याचे माझ्यामुळे भले झाले. ज्याच्यासाठी झिजलो त्याच्यातले काहीतरी माझ्यामुळे विझले. पहिल्याचे श्रेय मी घ्यावे का? आणि दुसऱ्याचा दोष?

कोणी म्हणेल, मास्तर, एवढे मनाला लावून घेऊ नका. कर्म करावे, फळाची आस धरू नये, असे गीता सांगते. खरे आहे. पण फळाची आस सोडणे निराळे आणि फळाकडे पाठ फिरवणे निराळे. आम्हां शिक्षक मंडळींना हे वचन फार सोयीचे पडते. मुलगा नावारूपाला आला, की 'माझा विद्यार्थी', आणि वाया गेला, की 'फळावर आपला काय अधिकार?' असा दुटप्पी हिशेब मी पुष्कळदा केला आहे. आईबापही करतात.

दुसरा कोणी म्हणेल, मग दोन्ही सोडा. श्रेयही नको आणि दोषही नको, सगळा योगायोगच. हे ऐकायला समतोल वाटते. पण ते खरे नाही. त्या गुलाबी चकतीने मला एक फरक शिकवला. शिखर कुठे उगवावे हे जिथे मी ठरवले नाही, तिथल्या शिखरावर माझा हक्क नाही. कवडसा सूर्याचा, धूळ खडूची, विचार त्याचा. मी फक्त त्याला रागाने तिथे ढकलले होते. पण जिथे मी आरसे लावले, अंतर मी मोजले आणि न बसणाऱ्या लाटा मी मारल्या, तिथे जे उरले आणि जे उरले नाही त्या दोन्हींचा जाब मला द्यायला हवा. जेवढी पकड घट्ट, तेवढी जबाबदारी मोठी. ए ग्रेड माझी असेल, तर ब्रश खाली पडला तोही माझाच.

याचा अर्थ आरसे वाईट असा मी घेत नाही. डोळ्याची नाजूक शस्त्रक्रिया भटक्या लेसरने होत नाही. तिथे सरळ, नेमका झोतच हवा. पाढे भटकत पाठ होत नाहीत. पट्टीही शिकवलीच पाहिजे. आणि नुसते मोकळे सोडणे म्हणजे काही मोठे औदार्य नव्हे. मी त्या पहिल्या मुलाला मोकळे सोडले ते कंटाळून. सगळा उजेड बाहेर निसटला तर लेसर होत नाही, कोठे तरी तो अडावा लागतोच. प्रश्न एवढाच, की स्वर लावताना आपण वस्तू पिळतो आहोत, की झोत कुठे टाकावा ते शोधतो आहोत. त्या चौथ्या उपायात मला शिक्षणाचा सबंध धडा दिसला: थोडे करून पाहा, काय येते ते नीट बघा, मग पुढचे ठरवा. मी त्या मुलाच्या बाबतीत बघितलेच नाही. माझे लक्ष ग्रेडवर होते.

पण इथे उपमा संपते. शास्त्रज्ञ रंग आधी ठरवतो आणि झोत तसा वळवतो. चकतीची काही तक्रार नसते. मी कादंबरीतल्या माणसांच्या खुंट्या हव्या तशा पिळतो. तीही तक्रार करीत नाहीत. मुलाचे तसे नाही. त्याला कोणता रंग हवा, हे त्यालाच विचारावे लागते, आणि त्यालाही ते ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर थांबावे लागते. बावीस वर्षांत मी किती जणांना विचारले? बोटे मोजायला घेतली आणि लवकरच थांबलो.

यंदा त्या टेम्पोवाल्याची मुलगी पाचवीत आली आहे. परवा कंदिलाच्या तासाला तिने कामट्यांचा सांगाडा केला तो एका बाजूला कलता. पतंगाचा कागद एकसंध न लावता तिने कपटे फाडले आणि खळीने एकावर एक चिकटवले. जिथे लालावर पिवळा पडला तिथे नारिंगी झाला. मी तिच्या बाकापाशी उभा राहिलो. हातात पट्टी होती, सवयीने असतेच.

"सर, चुकलं का?" तिने विचारले.

"तुला कसा हवा होता?" मी म्हटले.

ती गोंधळली. हा प्रश्न तिला शाळेत नवा असावा. कंदील फिरवून फिरवून तिने सगळ्या बाजूंनी पाहिला. "असाच," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "पण सरळ कसा करायचा तेही दाखवा."

मी पट्टी घेऊन तिच्या शेजारी खाली बसलो. दुसऱ्या कंदिलासाठी नव्या कामट्या काढल्या आणि कोन कसा धरायचा ते दाखवले. पहिला मात्र तसाच ठेवला. तो आता शाळेच्या पडवीत टांगला आहे. समुद्राकडून वारा आला, की थोडा एका अंगाला झुलतो.